पीसीओएस आहे, म्हणजे आयव्हीएफच?

लग्नाला तीन-चार वर्षे झालेली, पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि सोनोग्राफीच्या अहवालात 'पीसीओएस' असा शेरा. एवढे वाचले की अनेक जोडप्यांना आता 'टेस्ट ट्यूब बेबी'शिवाय मार्ग नाही असे वाटते. काही जण कर्जाचीही चौकशी सुरू करतात. प्रत्यक्षात अशा बहुतेक स्त्रियांसाठी आयव्हीएफ हा पहिला उपचार नसतो.

पीसीओएसमध्ये स्त्रीबीजांची कमतरता नसते. उलट अंडाशयात बीज असलेल्या बारीक पुटिका नेहमीपेक्षा जास्त असतात. अहवालातल्या 'गाठी' त्याच. पुरुषी संप्रेरके आणि इन्सुलिन वाढल्याने त्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. बीज पक्व होऊन बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते आणि गर्भ राहत नाही.

आधी काय?

पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करावी. दोष दोघांतही असू शकतो. पत्नीचे वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरल्यानेही काहींची पाळी नियमित होते.

त्यानंतर लेट्रोझोल. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची ही गोळी इस्ट्रोजेन तात्पुरते कमी करते. त्यामुळे मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी बीज वाढवणारे संप्रेरक जास्त सोडते. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्तीत जास्त पाच पाळीचक्रांच्या उपचारानंतर लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले. जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के. भारतात वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर २०११मध्ये बंदी आली होती. ती २०१७मध्ये उठली. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याच गोळीला पहिली पसंती आहे.

आयव्हीएफ कधी?

गोळ्या आणि त्यानंतर इंजेक्शनांनीही यश आले नाही, गर्भनलिका बंद असतील किंवा शुक्राणूंत मोठा दोष असेल, तेव्हा आयव्हीएफची पाळी येते. येथे पीसीओएस असलेल्या स्त्रीला वेगळा धोका असतो. पुटिका भरपूर असल्याने इंजेक्शनांना अंडाशय प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात. पोटात पाणी साठते, धाप लागते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात.

हा धोका बराच टाळता येतो. औषधाचा डोस कमी ठेवतात, बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन बदलतात आणि सर्व भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडतात. चीनमधील १,५०८ पीसीओएसग्रस्त स्त्रियांच्या २०१६च्या अभ्यासात ताजे भ्रूण सोडण्याच्या तुलनेत, भ्रूण गोठवल्याने या गुंतागुंतीचे प्रमाण ७.१ वरून १.३ टक्क्यांवर आले. मूल होण्याचे प्रमाण मात्र ४२ वरून ४९.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे महिनाभर थांबणे तोट्याचे ठरले नाही.

डॉक्टरांना विचारा

गोळ्यांचे उपचार पूर्ण झाले का? अंडाशयांचा अतिप्रतिसाद टाळण्यासाठी काय करणार? किती भ्रूण सोडणार? जुळे-तिळे म्हणजे आईला आणि बाळांना जास्त जोखीम. २०२१च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे; तीही पाहा.

आयव्हीएफची घाई नको, पण तपासणीला उशीरही नको. पाळी फार अनियमित असेल तर वर्षभर वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.