नायगाराचें पाणी आणि टोरांटोचे दिवे

टोरांटो शहरीं मुलांकडे राहावयास गेलेले महाराष्ट्रीय आईबाप असोत किंवा सुट्टींत सहकुटुंब निघालेले प्रवासी असोत, त्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस शहरासाठीं, आणि एक दिवस नायगाराच्या धबधब्यासाठीं. शहरांत ५५३ मीटर उंचीचा मनोरा, पदार्थसंग्रहालय आणि सरोवराचा किनारा. धबधब्यापाशीं नौकाविहार आणि अंगावर उडणारे तुषार. शहर ही मनुष्याची करणी आणि धबधबा ही निसर्गाची, अशी मनांत वाटणी होऊन जाते. ही वाटणी सोयीची खरी. परंतु ती वस्तुस्थितीस धरून नाहीं. शहराच्या भरभराटींत धबधब्याचा मोठा वाटा आहे, आणि धबधबा आज जसा दिसतो त्यांत मनुष्याच्या निश्चयाचा वाटाहि थोडाथोडका नाहीं.

प्रथम धबधब्याची घडण ध्यानांत घ्यावयास हवी. ईरी आणि ऑन्टॅरिओ या दोन महासरोवरांस नायगारा नदी जोडते. तिची लांबी अवघी ५८ किलोमीटर; पण ईरीची पातळी ऑन्टॅरिओहून जवळजवळ १०० मीटरांनीं वर आहे. यांतील निम्म्याहून अधिक उतार नदी एकाच उडींत पार करते. कड्याच्या माथ्यावर चुनखडीच्या जातीचा कठीण खडक आहे, आणि त्याखालीं मृदु, पापुद्र्यांचा थर आहे. कोसळणारें पाणी हा मऊ थर पोखरतें. वरचा खडक अधांतरीं राहतो आणि अखेरीस तुटून पडतो. अशा रीतीनें सुमारें १२,००० वर्षांत हा धबधबा ११ किलोमीटर मागें सरला आहे. नदीची खोल घळ ही त्याच्या या माघारीचीच खूण होय.

ज्यांनीं गिरसप्पाचा, म्हणजेच जोगचा, धबधबा पाहिला असेल, त्यांस नायगाराची उंची प्रथमदर्शनीं फारशी वाटणार नाहीं. जोगची धार अडीचशें मीटरांवरून खालीं येते; नायगाराचा घोड्याच्या नालासारखा वळलेला मुख्य प्रपात केवळ ५७ मीटरांचा आहे. परंतु जोगचें वैभव मोसमी पावसाचें आहे. नायगाराच्या पाठीशीं चार महासरोवरांचा सांठा आहे. त्यामुळें त्याचा ओघ बारमाही आहे आणि त्याचें स्वाभाविक मान सरासरीनें दर सेकंदास दोन लक्ष घनफुटांच्या घरांत जातें.

एवढें सामर्थ्य फुकट जात आहे असें एकोणिसाव्या शतकांतील कारखानदारांस वाटावें, यांत नवल नाहीं. इ. स. १८९५ मध्यें अमेरिकेच्या बाजूस निकोला टेस्ला यांच्या शोधांवर आधारलेलें मोठें वीजघर सुरू झालें, आणि पुढच्याच वर्षीं तेथील वीज बफेलो शहरीं पोहोंचली. ऑन्टॅरिओ प्रांतास तर तिची विशेष निकड होती. तेथें दगडी कोळसा नव्हता. तो अमेरिकेंतून विकत आणावा लागे. ही वीज मूठभर कंपन्यांच्या हातीं न राहतां सार्वजनिक मालकीची व्हावी, असा लढा देऊन प्रांतानें १९०६ सालीं वीजमंडळ स्थापिलें. ॲडम बेक हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९११ मध्यें टोरांटोच्या नगरपालिकेच्या तारांतून ही वीज खेळूं लागली. आज त्या शहराची वीज अनेक उगमांतून येते आणि अणुशक्तीचा वाटा त्यांत मोठा आहे. पण पायाभरणी झाली ती या पाण्यावर.

उपयोगाची ही ओढ एकीकडे वाढत असतां दुसरी एक चळवळ चालली होती. त्या शतकाच्या मध्यास धबधब्याचे कांठ खाजगी मालकीचे होते. कुंपणें घातलेलीं होतीं आणि दर्शनासाठीं पैसे मोजावे लागत. उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीमुळें न्यूयॉर्क राज्यानें १८८५ सालीं आपल्या बाजूची जमीन लोकांसाठीं मोकळी केली. १८८८ मध्यें कॅनडाच्या बाजूस व्हिक्टोरिया राणीच्या नांवाचें उद्यान खुलें झालें. आज कोणीहि कठड्याशीं उभा राहून एक पैहि न देतां हें दृश्य पाहूं शकतो, तें या खटपटीचें फळ होय.

कांठ मोकळे झाले, तरी पाण्याचा प्रश्न उरलाच. सर्व पाणी वीजघरांकडे वळविलें असतें, तर पाहण्यास कोरडा कडा तेवढा राहिला असता. म्हणून १९५० सालीं कॅनडा आणि अमेरिका यांनीं करार केला. एप्रिलपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सकाळीं आठ ते रात्रीं दहा, आणि पुढें ऑक्टोबरअखेर सकाळीं आठ ते रात्रीं आठ, धबधब्यावरून दर सेकंदास निदान एक लक्ष घनफूट पाणी सोडलेंच पाहिजे. इतर वेळीं, म्हणजे रात्रीं आणि हिंवाळ्यांत, पन्नास हजार घनफूट पुरे. उरलेलें पाणी बोगद्यांतून वीजघरांकडे जातें. सारांश, उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवासी जो प्रचंड ओघ पाहतो तो मूळ ओघाच्या सुमारें निम्मा असतो; आणि रात्रीं तो चतुर्थांशावर येतो. नदींत दारें असलेला एक बांध आहे. त्याच्या साह्यानें ही विभागणी सांभाळली जाते.

पाणी आंवरणें निसर्गासहि ठाऊक आहे. १८४८ च्या मार्चअखेर ईरी सरोवराच्या मुखाशीं बर्फ अडकून धबधबा एक दिवसाहून अधिक काळ जवळजवळ थांबला, आणि लोक कोरड्या पात्रांतून चालत गेले. १९६९ मध्यें मनुष्यानें तेंच बुद्धिपुरस्सर केलें. पायथ्याशीं सांचलेल्या खडकांची तपासणी करण्यासाठीं अमेरिकेच्या बाजूचा प्रपात कित्येक महिने बंद ठेवला. खडक काढून टाकावे कीं काय, याचा विचार झाला. आणि अखेर ते तसेच राहूं द्यावे असें ठरलें. हात घालतां येत असूनहि तो आवरला गेला, हेंहि या स्थळाच्या इतिहासांत नोंदण्याजोगें आहे.

म्हणून ही सहल करणाऱ्या कुटुंबानें धबधब्याकडे निघण्यापूर्वीं टोरांटोंतील युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर १९३४ पासून उभा असलेला ॲडम बेक यांचा पुतळा पाहून घ्यावा. आणि धबधबा पाहून झाल्यावर घळीच्या कडेनें क्वीन्स्टनपर्यंत जाऊन तेथील वीजघरांवर दृष्टि टाकावी. मार्ग थोडका आहे आणि वेळहि फारसा लागत नाहीं. लहान मुलें अशा ठिकाणीं हमखास विचारतात कीं, रात्रीं सगळे घरीं गेल्यावर हें पाणी बंद करतात काय? बंद करीत नाहींत, कमी करतात, हें त्याचें खरें उत्तर. किती कमी करावयाचें हें दोन देशांनीं एकत्र बसून ठरविलें आहे, आणि तो शब्द रोज सकाळीं आठ वाजतां पाळला जातो, हेंहि मुलांस सांगावें.