तार किती चढवावी ?

‘तुटेपर्यंत ताणूं नये’ हा उपदेश सर्वांच्या ओठीं असतो. परंतु खरोखरीची तार कोणत्या क्षणीं तुटते, याचा हिशेब फार थोडे लोक करतात. तंतुवाद्य वाजविणाऱ्याला मात्र तो टाळतां येत नाहीं. साथीला बसलेल्या गायकाची पट्टी उंच असली, किंवा वाद्याचा आवाज अधिक तेजस्वी व्हावा असें वाटलें, कीं त्याचा हात खुंटीकडे जातो. खुंटी आणखी किती पिळावी ? तार तुटेल काय ? आणि तारेच्या आधीं वाद्यच बिघडलें तर ? ज्याच्यापाशीं एकच वाद्य आहे आणि दुसरें घेण्याची ऐपत नाहीं, त्याच्या दृष्टीनें हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. बेस गिटार या पाश्चात्य वाद्याच्या उदाहरणानें त्यांचीं उत्तरें विशेष स्पष्ट होतात.

बेस गिटार हें खर्जाच्या सुरांचें वाद्य आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, फुलर्टन या गांवीं, लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ नांवाचें वाद्य विक्रीस आणलें आणि तेव्हांपासून त्याचा सर्वत्र प्रसार झाला. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच होती, व पुढें बहुतेक कारखानदारांनीं तीच कायम केली. त्याच्या चार तारा ई, ए, डी आणि जी या सुरांत लावतात. सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते, तर सर्वांत बारीक जी तार ९८ वेळां. नेहमींच्या जाडीच्या तारा असल्या तर प्रत्येकीवर साधारणतः ४० ते ५० पौंड ताण असतो. चारी मिळून तो पावणेदोनशें पौंडांच्या घरांत जातो. म्हणजे एका पुरत्या वाढलेल्या माणसाच्या वजनाएवढा ताण ती लांकडी दांडी अहोरात्र सोशीत असते.

सूर चढविला असतां हा ताण किती वाढतो, याचा नियम मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतविषयक ग्रंथांत सांगितला आहे. तारेची कंपनसंख्या दुप्पट करावयाची तर ताण दुप्पट करून भागत नाहीं. तो चौपट करावा लागतो. मोकळ्या तारेचा सूर षड्ज समजला, तर ती तार कोमल ऋषभावर नेण्यास ताण सुमारें आठव्या हिश्श्यानें वाढवावा लागतो. शुद्ध ऋषभावर तो सव्वापट होतो, शुद्ध मध्यमावर पावणेदोनपटीहून किंचित् अधिक, आणि तार षड्जावर चौपट. ज्या तारेवर मूळचा ताण ४२ पौंड आहे, तिच्यावर ऋषभास ५३ पौंड आणि मध्यमास ७५ पौंड पडतात. कानाला सूर थोडासाच चढल्यासारखा वाटतो, परंतु दांडीला तो थोडा वाटत नाहीं.

येथें पुष्कळांचा असा समज असतो कीं, तार तुटण्याचें भय असेल तर ती जाड घ्यावी म्हणजे झालें. हा समज चुकीचा आहे. तारेची जाडी दुप्पट केली, तर तिच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपट होतें. म्हणून तिची ताण सोसण्याची शक्तिहि चौपट होते. परंतु त्याच वेळीं तिचें वजनहि चौपट होतें, आणि जड तार त्याच सुरावर आणावयाची तर ताणहि चौपटच द्यावा लागतो. जमा आणि खर्च सारखेच झाले. शिल्लक कांहीं राहिली नाहीं. एकाच लांबीच्या, एकाच धातूच्या दोन साध्या तारा, एक बारीक व दुसरी जाड, अशा घेऊन चढवीत नेल्या, तर दोन्ही जवळजवळ एकाच सुरावर तुटतात. उत्तम पोलादाची ३४ इंच लांबीची साधी तार सेकंदाला सुमारें ३०० कंपनांच्या मागेंपुढें तुटण्याच्या बेतास येते. ही सीमा जाडीनें ठरत नाहीं. धातूच्या बळकटपणानें आणि तारेच्या लांबीनें ठरते.

बेस गिटारच्या तारा मात्र साध्या नसतात. आंत पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर निकेलयुक्त किंवा अन्य धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. ताण सोसतो तो गाभाच. वरची गुंडाळी नुसतें वजन वाढविते. संपूर्ण तारेच्या वजनांत गाभ्याचा वांटा चतुर्थांश असला, तर तुटण्याचा सूर निम्म्यावर येतो, म्हणजे ३०० च्या जागीं १५० कंपनांवर. जी तार मुळांतच ९८ वर असल्यामुळें तिला वर जाण्यास फार थोडी जागा उरते. ४१ वर असलेल्या ई तारेला त्या मानानें पुष्कळ मोकळीक असते. म्हणून चारी तारा सारख्याच चढविल्या असतां बहुधा पहिली तुटते ती बारीक जी. ती तुटते तीहि मधोमध नव्हे, तर घोडीवर किंवा खुंटीपाशीं, जेथें तिला वांक पडलेला असतो. गंज चढलेली वा मुरगळलेली तार तर हिशेबापूर्वींच दगा देते. अशा वेळीं तोंड तारेवर वांकवून खुंटी पिळूं नये. तुटलेलें टोक चाबकासारखें उसळून डोळ्याला इजा करूं शकतें.

जाड तारेच्या बाबतींत तुटण्याच्या पुष्कळ आधीं वाद्य हार खातें. वाढलेल्या ताणानें दांडी पुढच्या बाजूस वांकते, तारा पट्टीपासून उंच होतात आणि बोटांनीं दाबणें जड जातें. हा वांक सांवरण्यासाठीं दांडीच्या पोटांत पोलादी सळई बसविलेली असते. ती पिळून दांडी सरळ करतां येते, परंतु तिलाहि मर्यादा आहे. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक पिळणें धोक्याचें. पोकळ पेटीच्या बेस गिटारमध्यें तर घोडी सरसानें चिकटविलेली असते व ती उखडून येण्याचा संभव असतो.

मग सूर चढवावयाचाच असेल तर काय करावें ? अर्धा स्वर चढविण्यास सुस्थितींतील वाद्याला सहसा अडचण पडत नाहीं. पूर्ण स्वर चढविल्यास दांडीवर लक्ष ठेवावें. त्याहून वर जावयाचें असेल, तर खुंटीची वाट सोडून तार बदलावी. जाडी निम्मी केली कीं त्याच ताणांत सूर एक सप्तक वर जातो. स्टॅन्ली क्लार्क हे अमेरिकन वादक ‘पिकोलो बेस’ नांवाचें जें वाद्य वाजवितात, त्याच्या चारी तारा नेहमींच्या बेसहून एक सप्तक वर असतात. परंतु त्या चौपट ताणलेल्या नसून बारीक असतात. डबल बेस हें मोठें वाद्य एकट्यानें वाजवितांना त्याच्या तारा एक पूर्ण स्वर वर लावण्याची रीत आहे, व तिच्यासाठीं बारीक तारांचा निराळा संच मिळतो.

ज्या श्रोत्यांच्या घरीं तंबोरा आहे, त्यांना हें नवीन वाटणार नाहीं. काळी एक पट्टीचा तंबोरा काळी चारवर नेणें म्हणजे षड्जाचा पंचम करणें. त्याला सव्वादोनपट ताण लागेल. म्हणूनच मिरजेचे कारागीर पुरुषांसाठीं मोठा आणि स्त्रियांसाठीं लहान तंबोरा घडवितात, व लहान तंबोऱ्याला तारा बारीक घालतात. लांबी कमी झाली कीं तुटण्याची सीमा वर सरकते. जाडी कमी झाली कीं दांडीवरचा भार हलका होतो. पाश्चात्य बेस गिटारला आणि देशी तंबोऱ्याला नियम एकच लागू आहे. उंच सूर हवा असेल तर त्याला साजेशी तार घालावी. जी तार ज्या सुरासाठीं केली आहे, तिच्याकडून भलताच सूर बळानें मागूं नये.