व्हॅन लावायची कुठे? न्यूझीलंडमधलं फ्रीडम कॅम्पिंग आणि टॉयलेटचा नियम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

प्रश्न एका श्रोत्याचा आहे. चौघं मित्र न्यूझीलंडला निघालेत, भाड्याने कॅम्परव्हॅन घेणार आहेत. त्यांनी विचारलंय, "तिकडे फ्रीडम कॅम्पिंग चालतं म्हणे. मग संध्याकाळ झाली की दिसेल त्या तळ्याकाठी गाडी लावायची आणि झोपायचं, बरोबर ना?"

तळ्याकाठी झोपता येतं, पण 'दिसेल त्या' नाही. आणि कुठे झोपता येईल हे बऱ्याच अंशी तुमच्या गाडीतल्या टॉयलेटवर ठरतं. हसू नका, खरंच सांगतोय.

कायदा काय म्हणतो?

न्यूझीलंडने २०११ मध्ये, रग्बी वर्ल्ड कपच्या तोंडावर, फ्रीडम कॅम्पिंगचा स्वतंत्र कायदा केला. गाडी जाऊ शकते अशा जागेपासून किंवा समुद्राच्या ओहोटीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत, पैसे भरून राहायच्या कॅम्पसाइटवर न जाता, तंबूत किंवा गाडीत मुक्काम करणं म्हणजे ढोबळमानाने फ्रीडम कॅम्पिंग.

स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, जागेवर हे मुळात चालतं. कौन्सिलला नको असेल तर तिला नियम करून ठराविक जागा बंद कराव्या लागतात. आपल्या अख्ख्या हद्दीत सरसकट बंदी मात्र घालता येत नाही. हे नुसतं कागदावर नाही. क्वीन्सटाउनच्या कौन्सिलने २०२१ मध्ये केलेले नियम मोटारहोमवाल्यांच्या संघटनेने कोर्टात नेले आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने ते रद्द केले. म्हणून मी म्हणतो, दोन वर्षांपूर्वीची रील बघून जागा ठरवू नका. त्या त्या कौन्सिलच्या वेबसाइटवर आजचा नियम बघा. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारल्याशिवाय गाडी आत घालायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

टॉयलेट मध्ये कुठून आलं?

पर्यटक वाढले, स्वस्तातल्या व्हॅन वाढल्या आणि झुडपांमागे नको त्या गोष्टी सापडायला लागल्या. आपल्या गावच्या नदीकाठी रोज कुणी असं करून गेलं तर आपण काय म्हणू? तिथले लोकही तेच म्हणाले.

मग जून २०२३ मध्ये कायदा कडक झाला. कौन्सिलच्या जागेवर गाडीत मुक्काम करायचा तर गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' असल्याचा दाखला हवा. कौन्सिलने खास सूट दिलेल्या जागा तेवढ्या वेगळ्या. सेल्फ-कंटेन्ड म्हणजे आतल्या माणसांना तीन दिवस बाहेरून पाणी न घेता आणि घाण बाहेर न टाकता राहता आलं पाहिजे. पिण्या-वापरायचं पाणी माणशी रोज ४ लिटर, म्हणजे तीन दिवसांचं १२ लिटर. आपल्या आंघोळीच्या एका बादलीपेक्षा कमीच! त्यासोबत सांडपाण्याची टाकी, झाकणाचा कचऱ्याचा डबा आणि गाडीला पक्कं बसवलेलं टॉयलेट. सीटखालून ओढून काढायचं सुटं टॉयलेट आता चालत नाही. बेड अंथरलेला असतानाही ते आतल्या आत वापरता आलं पाहिजे, कारण रात्री दोन वाजता पाऊस पडत असताना कुणी बेड आवरत बसत नाही.

पास झालेल्या गाडीवर हिरवं कार्ड लागतं. ती किती माणसांसाठी पास आहे, हेही बघा. तुम्ही चौघं आणि गाडी दोघांची, तर उपयोग नाही. नियम मोडला तर दंड शेकडो डॉलरचा, आणि भाड्याची गाडी असली तरी तो शेवटी तुमच्याच माथी येतो.

गाडी चालवताना झोप आली तर?

हा भाग महत्त्वाचा आहे. थकव्यामुळे अपघात होऊ नये म्हणून रस्त्याकडेला गाडीत थोडं झोपणं हे कायद्याने फ्रीडम कॅम्पिंगमध्ये धरलेलंच नाही. डोळे मिटायला लागले की दंडाच्या भीतीने पुढे रेटू नका, सुरक्षित जागा बघून थांबा. पण खुर्च्या मांडल्या, शेगडी पेटवली, दोरीवर टॉवेल वाळत घातले, तर ती डुलकी राहिली नाही, मुक्काम झाला.

शेजारची गाडी

आणखी एक गोष्ट मला सांगायचीच आहे. पार्किंगमध्ये तुमच्या शेजारी एखादी जुनी गाडी दिसेल, काचांना चादरी लावलेल्या. हिरवं कार्ड नसेल. लगेच फोटो काढून तक्रार करू नका. तिथे घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत राहणारी माणसं आहेत. घर मिळू न शकलेल्या अशा लोकांना २०२३ च्या दुरुस्तीने फ्रीडम कॅम्पिंगच्या नियमांतून वगळलंय. व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला मात्र ही सवलत नाही. आपण हौसेने गाडीत झोपतो, शेजारचा नाइलाजाने. एवढं लक्षात ठेवून आवाज कमी ठेवला तरी पुष्कळ.

निघण्याआधी

गाडी ताब्यात घेताना टॉयलेटची कॅसेट कशी काढायची ते कंपनीच्या माणसाकडून करून दाखवून घ्या. ती रिकामी करायची ते फक्त डम्प स्टेशनवर. सांडपाणीही तिथेच, गवतावर नाही. मुक्कामाच्या जागी उजेडात पोचा, म्हणजे पाटी वाचता येते: किती रात्री थांबायचं, गाडी नेमकी कुठे लावायची. एखादी जागा भरली तर दुसरी हाताशी असू द्या. निसर्ग संवर्धन विभागाच्या साध्या कॅम्पसाइट्स असतात, त्यातल्या काही फुकटही आहेत.

तर त्या चौघांना माझं उत्तर: तळं निवडण्याआधी गाडी निवडा. चार जणांसाठी पास झालेली, हिरवं कार्ड असलेली घ्या. चार पैसे जास्त पडतील, पण मुक्कामाला कितीतरी जास्त जागा मिळतील.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटने पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!