दोरी धरणारा हात

कुवेत शहरातील शर्क हा समुद्रकाठचा जुना भाग. शर्क म्हणजे पूर्व. 1938 साली कुवेतमध्ये खनिज तेल सापडले. त्यापूर्वी येथील पुष्कळ कुटुंबे मोत्यांवर जगत. ते मोती विक्रीसाठी मुंबईच्या बाजारात येत. पाणबुड्या समुद्रात उतरला की त्याची दोरी जहाजावर एक जण धरून उभा राही. त्याला सैब म्हणत. खालून हिसका बसताच तो पाणबुड्याला वर ओढी. पाणबुड्याचा जीव त्याच्या सावधपणावर असे.

आज त्याच शर्कमध्ये विज्ञानाच्या संस्था उभ्या आहेत. 1976 साली स्थापन झालेल्या कुवेत विज्ञान प्रगती प्रतिष्ठानला तेथील कंपन्या आपल्या नफ्यातील ठरावीक वाटा देतात. ह्याच प्रतिष्ठानने उभारलेल्या दसमान मधुमेह संस्थेचे काम 2006 साली सुरू झाले. मधुमेहाची व्यथा आपल्या मॉरिशसमधील कुटुंबांनाही चांगलीच ठाऊक आहे. पैशाने इमारत होते, यंत्रेही येतात. परंतु त्या यंत्रांपुढे उद्या बसणारी मुले तयार कोण करणार? त्यांची दोरी कोण धरणार?

ह्याचे उत्तर मुंबईत एकदा फार चांगले मिळाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आरंभीची अनेक वर्षे त्याचे काम नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या इमारतीत चाले. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरच्या काळात महानगरपालिकेच्या शाळांतील गरीब घरची होतकरू मुले निवडली. शालांत परीक्षेपर्यंत त्यांना नियमाने केंद्रात बोलावून प्रयोग करू दिले, प्रश्न विचारू दिले. तेव्हा दिसून आले की ह्या मुलांची बुद्धी कमी नव्हती. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा त्यांची वाट अडवीत होती. भाषा सोपी होताच विज्ञान समजू लागले, आणि त्याचा परिणाम परीक्षेतही दिसला.

वाचक बंधु-भगिनींनो, हा अनुभव आपल्याही घरचा आहे. आपली मुले घरी क्रिओल बोलतात, शाळेत विज्ञान इंग्रजीतून शिकतात. शब्द अडला की मूल गप्प बसते, आणि त्याला विषय येत नाही असे आपण ठरवून मोकळे होतो.

मोठी प्रयोगशाळा नसली तरी आरंभ करता येतो. कपड्यावरील हळदीचा डाग साबणाने लाल होतो. असे का, हे मुलाला लगेच सांगू नये. हळदीच्या पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालू द्यावा, मग लिंबू पिळू द्यावे, आणि रंग कसा बदलला ते वहीत लिहून घ्यावे. लिंबाने पुन्हा पिवळा रंग आला की कारणाचा शोध मूल स्वतःच घेऊ लागते. प्रयोग फसला तर रागावू नये. फसला का, एवढेच विचारावे.

आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळांत काम केलेली माणसे आहेत. ज्या बैठकांनी आपली भाषा टिकविली, त्याच बैठकांत आठवड्यातून एक संध्याकाळ विज्ञानाला देता येईल. पाण्यात बुडी मुलांनाच मारायची आहे. आपण दोरी तेवढी सोडता कामा नये.