जखमेला न चिकटणारं पान

भाजलेल्या जखमेवर साधा गॉझ ठेवला की स्राव त्याच्या जाळीत सुकतो, नवी कातडी अडकते. मग ड्रेसिंग बदलताना ओढलं की रक्त! मुंबईत शीव कोळीवाड्याजवळच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी यावर चक्क केळीचं पान वापरलं. पानं पट्टीच्या कापडावर चिकटवायची, दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायची. गुळगुळीत, मेणचट पानाखाली ओलावा टिकतो, पट्टी अलगद सुटते. २००३मध्ये ‘बर्न्स’ नियतकालिकात हे छापून आलं. त्याआधी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टीही मुंबईतच निघाली होती. पण साली जोडत बसण्यापेक्षा पान सोपं आणि स्वस्त. घरी मात्र परसातलं पान जखमेवर ठेवू नका. केमिस्टकडे पॅराफिन लावलेली जाळी मिळते.