अकोटच्या उन्हात कोणता कुत्रा?
मे महिन्यात अकोटला पारा ४५ अंशांकडे सरकतो. इथे हस्की आणला, तर घरातला कूलर आधी त्यालाच लागेल. चपट्या नाकाचा पगही नको. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि पगाला नेमकं तेच धड जमत नाही. लातूरकडचा कारवानी ऊन सोसतो; पण तो शिकारी, धावणारा गडी, दोन खोल्यांत कोंडू नये. मग गावठी पिल्लू काय वाईट? आखूड केसांचं, काटक, खर्चाला हलकं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्याच. शेत पोपटखेड-शहानूरकडे असेल तर डिस्टेंपरचीही द्या. पलीकडे मेळघाट आहे आणि हा रोग वाघ-बिबट्यांनाही होतो.