इंदूरची संग्रहालये : काय राहिले, काय गेले

उज्जैन-ओंकारेश्वराच्या यात्रेस निघालेली महाराष्ट्रातील मंडळी इंदूरला एक मुक्काम हमखास करतात. खजराण्याच्या गणपतीचे दर्शन, राजवाड्यासमोर एखादे छायाचित्र, रात्री सराफ्यातील खाद्यपदार्थ, आणि सकाळी गाडी पुढे. शालेय सहलींचाही क्रम बहुधा हाच असतो. इंदूर १८१८ पासून होळकरांची राजधानी होते. अशा नगरात अर्धा दिवस अधिक राहून तेथील संग्रह पाहावयास काय हरकत आहे?

सर्वप्रथम जावे ते केंद्रीय संग्रहालयात. जनरल पोस्ट ऑफिसनजीक जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर असलेले हे संग्रहालय होळकर संस्थानाच्या काळात, १९२९ मध्ये स्थापन झाले. नाणी, शिलालेख, शस्त्रे, चित्रे असे बरेच काही येथे आहे. तथापि या संग्रहाचे खरे वैभव म्हणजे हिंगलाजगढच्या मूर्ती होत. मंदसोर जिल्ह्यात भानपुऱ्याजवळ अरण्यात हा किल्ला आहे. माळव्यावर परमारांची सत्ता असताना तेथे मूर्तिकलेला मोठा बहर आला होता. धारचा भोजराजा याच वंशातील. किल्ल्यावर विखुरलेल्या मूर्तींपैकी अनेक पुढे इंदूरला आणण्यात आल्या. त्यांत देवीच्या, विशेषतः गौरीच्या, मूर्ती पाहताना पाथरवटाच्या हाताचा हळुवारपणा जाणवतो. अंगावरचे अलंकार इतके बारीक, की मालेतील मणी मोजता यावेत. आणि चेहऱ्यावर मात्र पूर्ण शांतता.

शिक्षकांसाठी येथे एक सूचना करावीशी वाटते. विद्यार्थ्यांची रांग करून सर्व दालने पाऊण तासात ‘उरकण्या’पेक्षा प्रत्येकास एकच मूर्ती नेमून द्यावी. हात किती, हातांत कोणती आयुधे, पायाशी वाहन कोणते, कोणता भाग भंगला आहे, एवढे त्याने वहीत टिपावे व साधे रेखाचित्र काढावे. वाहन व आयुधे यांवरूनच देवता ओळखावयाची असते, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते. मग गावच्या पारावर मांडून ठेवलेल्या झिजलेल्या शिळांकडेही ती निराळ्या दृष्टीने पाहू लागतात.

या शिळांविषयी येथेच सांगितलेले बरे. नांगरताना वा पाया खणताना जुनी मूर्ती अथवा नाणी सापडली, तर ती घरी ठेवणे अथवा विकणे कायद्यास मान्य नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू भूमीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. तलाठी अथवा तहसीलदार यांच्यामार्फत वर्दी द्यावी. संग्रहालयांच्या दालनांत अशाच मार्गाने आलेल्या कितीतरी वस्तू असतात.

राजवाड्याचे सात मजले प्रसिद्धच आहेत : खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. ही वास्तू १८०१, १९०८ व १९८४ अशी तीन वेळा आगीत सापडली. शेवटच्या आगीतून दर्शनी भाग वाचला. मागील भाग नंतर पुन्हा उभारण्यात आला. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, त्या पायी जाऊन पाहाव्यात. कान्ह नदीकाठचा लालबाग राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात बांधला गेला. त्याचे लोखंडी प्रवेशद्वार लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर केलेले आहे, आणि मुदपाकखाना चक्क नदीपलीकडे असून भुयारी वाटेने वाड्याशी जोडलेला होता. आतील सजावट डोळे दिपविणारी असली, तरी प्रस्तुत लेखकास तिच्यापेक्षा त्या भुयाराचेच कौतुक अधिक वाटते!

इंदूरचा आणखी एक वाडा मात्र पाहण्याचा योग सामान्य प्रवाशास येत नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘माणिकबाग’ बांधून घेतली. महाराणी संयोगिताराजे या कागलच्या. नक्षी, कमानी, झुंबरे सारे वर्ज्य करून, सरळ रेषांची, धातू व काच यांची ही वास्तू त्या काळी युरोपातही नवलाची ठरली असती. ब्रांकुशी या थोर शिल्पकाराकडून महाराजांनी ‘अवकाशातील पक्षी’ हे शिल्प तीन रूपांत घेतले : एक ब्राँझचे, एक पांढऱ्या व एक काळ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर उभारण्याचा संकल्प होता. त्याकरिता ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. १९३७ मध्ये महाराणींचे निधन झाले. मंदिर झालेच नाही.

आज तो ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथे व संगमरवरी जोडी ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील संग्रहालयात आहे. माणिकबागेतील फर्निचर १९८० मध्ये मोनॅको येथे लिलावात विकले गेले. पुढे २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये या महाराजांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा जगभरातून वस्तू गोळा करून आणाव्या लागल्या. इंदूरची वस्तू पाहावयास इंदूरकराने पॅरिसला जावे, अशी ही स्थिती. माणिकबागेच्या इमारतीत शासकीय कार्यालय आले. राजाच्या खाजगी मालकीचा संग्रह असा पांगला; हिंगलाजगढच्या मूर्ती मात्र सार्वजनिक संग्रहालयात असल्याने माफक तिकिटात कोणासही पाहता येतात. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

चित्रकलेची इंदूरची परंपरा मात्र अशी पांगली नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये येथे चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर हे सारे याच शाळेतून पुढे आले. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, बेंद्रे यांचा इंदूरचाच. माळव्याचे ऊन, घाट व मातीच्या भिंती रंगविण्यात या मंडळींचे प्रारंभीचे दिवस गेले. देवळालीकरांच्या नावाच्या कलावीथिकेत, तसेच प्रीतमलाल दुआ सभागृहाच्या कलादालनात स्थानिक चित्रकारांची प्रदर्शने भरत आली आहेत. तेथे एक फेरी अवश्य मारावी.

चिंचाळकर गुरुजींचा विशेष खेड्यातील शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. वाळलेली पाने, काटक्या, फुटक्या वस्तू यांतून ते चित्रे व आकृती साकारीत. अक्षरे आणि अंक यांतून माणसे व पशुपक्षी उभे करीत. या कलेस रंगपेटीचा खर्च नाही. शाळेच्या आवारातील पालापाचोळा पुरतो.

जाण्यापूर्वी सुट्टीचा वार विचारून घ्यावा. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात. खानदेशातून जाणाऱ्यांनी आदल्या रात्री पोहोचून सकाळी दारे उघडताच केंद्रीय संग्रहालय गाठणे सोयीचे.